मास्क धुवायला सांगू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर धूळ आणि मास्क यांवरचा लेख वाचला. ‘एन-९५ मास्क कोमट पाण्यात साबण घालून हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा वापरा,’ असं त्यात चौकट करून ठळक छापलं आहे. हेच वाक्य, दोन शब्दांचा फरक सोडला तर, दोन वर्षांपूर्वी तुमच्याच पुरवणीत आलं होतं. तारीख आठवत नाही, पण वाक्य पाठ आहे, कारण ते कात्रण आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे. रविवारी लगेच एक पत्र लिहिलं होतं. फार कडवट झालं म्हणून फाडलं. आज पुन्हा लिहायला बसलो आहे.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात २९ वर्षं काढली. त्यातली बहुतेक फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागाला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायची जागा. तिथली धूळ सिलिकाची. ती फुफ्फुसात बसली की बसली, परत निघत नाही. माझ्या आधीच्या पिढीतल्या माणसांना पन्नाशीत दोन जिने चढताना थांबावं लागायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे मास्क हा विषय मी पुरवणीत वाचून शिकलेलो नाही.

एन-९५ म्हणजे गाळणी नव्हे. तुमच्या लेखात म्हटलं आहे की त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की ०.३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण आत जात नाही, लहान मात्र जातो. तसं असतं तर आम्हाला श्वासच घेता आला नसता. आतला मुख्य थर पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंचा असतो आणि तयार करतानाच त्या तंतूंवर विजेचा भार बसवलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो ना, तसे हे तंतू कण ओढून घेतात. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तो तंतूवर जाऊन आपटतो. अगदी सूक्ष्म कण सरळ जातच नाही, इकडेतिकडे भरकटतो आणि कुठेतरी चिकटतो. पकडायला सगळ्यात अवघड असतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा. म्हणून अमेरिकेतली संस्था मिनिटाला ८५ लिटर हवा ओढून त्याच आकाराच्या आसपासच्या कणांवर चाचणी घेते आणि त्यातले ९५ टक्के अडले तर ‘एन-९५’ म्हणते. आपल्याकडे आयएस ९४७३ या मानकात एफएफपी-१, २, ३ अशा पायऱ्या आहेत. त्यातली दुसरी पायरी एन-९५ च्या जवळपासची.

आता हा मास्क साबणाच्या पाण्यात घाला. कापड फाटत नाही, रंग जात नाही, उलट स्वच्छ दिसतो. पण भार जातो. स्पिरिटनेही जातो. मग तोंडावर राहतो तो नुसता प्लास्टिकच्या तंतूंचा पातळ थर, आणि पाहणाऱ्याला तो नव्यासारखाच दिसतो. शिवाय धुण्याने इलॅस्टिक सैल होतं आणि नाकावरची पट्टी तिचा बाक धरत नाही. आता हे आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

माझी पत्नी पंचवटीत एका पतपेढीत काम करते. तिला दमा आहे, लग्नाआधीपासून. आम्ही राहतो सिडकोत. गाडी चालवायला लागल्यापासून ती अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल अशी शहरातून जायची. लांब पडायचं, गर्दीही कमी नसते, पण अवजड गाड्यांचा धूर तरी नसायचा. द्वारका ती कटाक्षाने टाळायची. मुंबई-आग्रा आणि पुणे हे दोन्ही रस्ते जिथे भेटतात त्या चौकात सिग्नलला उभं राहणं म्हणजे काय, ते नाशिककरांना सांगायला नको. पुलाखाली ट्रक, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर, बाजूला सिटीबस आणि वर काँक्रीटचं छत, धूर जाणार कुठे?

त्या हिवाळ्यात तिने तुमचा लेख वाचला, कात्रण काढलं, मेडिकलमधून एन-९५ लिहिलेले दोन मास्क आणले आणि मला म्हणाली, “अहो, आता मी द्वारकेवरून गेले तरी चालेल. वीस मिनिटं वाचतील.” मी हो म्हणालो. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, पाळी दुसरी, घरी यायला रात्रीचे साडेअकरा. ती दर शनिवारी रात्री दोन्ही मास्क साबण पावडरमध्ये भिजवायची, रविवारी गॅलरीत रुमालांशेजारी वाळत घालायची. दोरीवर ते मी पाहिले होते. करोनातले कापडी मास्क असतील असं समजून पुढे गेलो. २९ वर्षं दुसऱ्यांचे मास्क तपासून घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचा मास्क हातात घेऊन बघितला नाही, याचं दुःख मला आजही आहे.

जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी मी घरी होतो. ती कामावरून आली, हेल्मेट काढलं, मास्क काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या खाली, काळसर रेघ. मी जागेवरून उठलो. फेटलिंगमध्ये पाळी संपल्यावर आम्ही एकमेकांच्या तोंडावर हीच रेघ शोधायचो. मास्कखालचा चेहरा स्वच्छ असला पाहिजे. रेघ दिसली म्हणजे मास्क त्या जागी बसलेला नव्हता, हवा तिथून आत शिरत होती. जी धूळ डोळ्यांना दिसते ती कातडीवर राहते. जी दिसत नाही ती त्याच फटीतून कुठे गेली असेल ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मी विचारलं, किती दिवस असं? ती म्हणाली, “रोजच होतं, रुमालाने पुसते. चष्म्यावर वाफही येते.” चष्म्यावर वाफ येते ती नाकापाशी फट असते म्हणून.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला रात्री अडीच वाजता दवाखान्यात न्यावं लागलं. नेब्युलायझर, ऑक्सिजन, चार दिवस. हे मास्कमुळे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. दमा जुना आहे, हवा थंड होती. पण ती द्वारकेवरून जात होती ती त्या मास्कच्या भरवशावर, आणि मास्क धुऊन वापरत होती ती तुमच्या कात्रणाच्या भरवशावर. मास्क नसता तर ती होळकर पुलावरूनच गेली असती. माझा राग आहे तो या गोष्टीचा. कोणी काहीच न सांगता ती स्वतःची काळजी स्वतः घेत होती, आणि ती नीट घेत होती.

दुसरी गोष्ट तुमच्या लेखात नावालाही नाही, आणि माझ्या मते तीच पहिली हवी होती. मास्क तोंडावर कसा बसला आहे? आमच्या कारखान्यात परदेशी ग्राहकांच्या तपासणीमुळे एकदा रीतसर चाचणी झाली होती. डोक्यावर टोपडं घालायचे, आत सॅकरिनचा फवारा मारायचे आणि मान हलवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला लावायचे. जिभेला गोड लागलं की नापास. आमच्यातले निम्मे नापास झाले. मास्क सगळ्यांना एकाच खोक्यातले, उत्तम प्रतीचे. फरक होता जबड्याचा, नाकाचा आणि दाढीचा. दोन दिवसांची खुंटंसुद्धा कडा टेकू देत नाहीत. त्या दिवसापासून मी पहिल्या पाळीला असलो की पहाटे साडेपाचला दाढी करून निघायचो.

२०१८ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी बीजिंगच्या बाजारात मिळणाऱ्या मास्कांवर असंच काम केलं होतं. माझ्या भाच्याने ते मला मराठीत समजावून सांगितलं. नुसतं कापड यंत्रावर तपासलं तेव्हा बऱ्याच मास्कांनी कण चांगले अडवले. मग चार मास्क माणसांना घालायला दिले, त्यांना डिझेलच्या धुरात बसवलं आणि मास्कच्या आतली हवा मोजली. आत शिरलेली काजळी कुठल्या मास्कमध्ये सरासरी ३ टक्के, तर कुठल्यात ६८ टक्के. मास्क घातला होता सगळ्यांनीच. तुमच्या लेखात ‘९५ टक्के संरक्षण’ असं जे छापलं आहे, ते कापडाचं आहे, माणसाचं नाही.

वाचकांना सांगायचंच असेल तर हे सांगा. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क घ्या, तो जास्त घट्ट बसतो. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्हीकडून दाबत आणा. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर वारा आला तर पुन्हा बसवा. मळला, ओला झाला, पट्टा सैल पडला, श्वास जड लागू लागला की टाकून द्या. धुऊ नका. आणि धुराचा वास आला म्हणजे मास्क बिघडला असंही नाही. वास वायूचा असतो, वायू हा मास्क अडवतच नाही. म्हणूनच सिग्नलला रिक्षाच्या मागे उभं राहायचं नाही, मास्क असला तरी.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे श्वास बाहेर सोडायला झडप असलेल्या, मास्कलाही लेखात मोडीत काढलं आहे. २०२० च्या जुलैत केंद्राने व्हॉल्व्हच्या मास्कविरुद्ध पत्र काढलं ते विषाणूसाठी. आजारी माणसाचा श्वास व्हॉल्व्हमधून न गाळता बाहेर पडतो म्हणून. धुळीचा प्रश्न आत येणाऱ्या हवेचा आहे, आणि आत येताना व्हॉल्व्ह बंदच असतो. उन्हात काम करणाऱ्याला व्हॉल्व्हचा मास्क निदान दोन तास सहन तरी होतो.

त्याच पानावर खाली ‘हवा समाधानकारक, चिंता नको’ अशी बातमी आहे. आपल्या देशाच्या मापात पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धुळीसाठी, दिवसाची सरासरी एका घनमीटर हवेत ३१ ते ६० मायक्रोग्रॅम म्हणजे समाधानकारक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांची मर्यादा १५ सांगितली आहे. दमेकऱ्याच्या घरात ‘चिंता नको’ हे शब्द काय करतात ते वर लिहिलंच आहे. सिंहस्थाची कामं निघाली आहेत, रस्ते उकरलेले आहेत, मातीचे ढीग उघडे पडलेले असतात. ती कामं व्हायला हवीत, माझी तक्रार नाही. पण ढिगावर ताडपत्री टाकायला आणि दोन वेळा पाणी मारायला सांगणारी एक ओळ तुमच्या पानभर लेखात नाही. आमच्या गल्लीत सकाळी झाडायला येणाऱ्या ताई तोंडाला ओढणी बांधतात. ओढणीने माती थोडीफार अडते, बारीक धूळ नाही. मी त्यांना माझ्याजवळचे चार मास्क दिले आणि बसवायचे कसे ते दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, धुवायचे कधी?”

म्हणून विनंती आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तशीच चौकट करून दुरुस्ती छापा. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. आणि टाइप मोठा ठेवा. गेल्या वर्षभरात तुमच्या पुरवणीचा टाइप इतका बारीक झाला आहे की पत्नीला चष्मा लावूनही तो वाचवत नाही, मला तिला वाचून दाखवावं लागतं. ही दुरुस्ती तिने स्वतः वाचावी आणि कात्रण काढून फ्रिजवर जुन्याच्या जागी तिनेच लावावं, अशी माझी इच्छा आहे.

आपला,
एक निवृत्त कामगार, सिडको, नाशिक