इव्हान्स गॅम्बिटमागचा हिशोब उलगडून दाखवल्याबद्दल सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,

इव्हान्स गॅम्बिट म्हणजे बुद्धिबळातली, प्यादं बळी देऊन पुढाकार घेणारी सुरुवात. तिच्या चाली पाठ करून घेणारे पुष्कळ भेटतात. चौथ्या चालीला बी४ वर प्यादं का द्यायचं, हे तुम्ही समजावलंत. त्याबद्दल क्लबातल्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५ आणि मग बी४ (प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणं). उंटाने प्यादं मारलं की सी३. उंटाला हलावंच लागतं आणि तेवढ्यात डी४ बसतं. एरवी सी३ साठी एक अख्खी चाल खर्ची पडते, इथे ती फुकट मिळते. शिवाय सी३ मुळे वजिराला बी३ आणि बी प्यादं गेल्यामुळे उंटाला ए३ मोकळं होतं. डी६ झालेलं नसेल तर ए३ वरचा उंट एफ८ वर नजर ठेवतो आणि काळ्याचा किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणारी चाल) अडतो. आधी मिळालेले टेम्पो, म्हणजे वाचलेल्या चाली, मोजा, राजावरचा हल्ला मागाहून येतो, ही तुमची शिकवण इथे नीट पटते.

सगळ्यात मोलाचं होतं ते सातव्या चालीचं विवेचन. उंट ए५, डी४ डी६ नंतर पांढऱ्याचा हात सवयीने किल्लेकोटाकडे जातो. मग काळा उंट बी६ वर नेतो. हाच माजी जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करचा बचाव. डी×ई५ डी×ई५, वजीर×डी८ घोडा×डी८, घोडा×ई५ उंट ई६. प्यादं परत मिळतं, पण वजीर उतरलेले, पांढऱ्याची ए आणि सी प्यादी एकटी पडलेली, हल्ला संपलेला. म्हणून आधी वजीर बी३! काळ्याने एफ७ सांभाळायला वजीर ई७ वर आणला तर डी५. घोडा डी४ वर उडाला की घोडा×डी४ ई×डी४, वजीर ए४ शह, आणि ए५ वरचा उंट गेला. काळ्याचा वजीर डी७ वरच का हवा, याचं उत्तर या एका कर्णात आहे: तिथून तो एफ७ राखतो आणि ए४ चा शहही अडवतो.

पाचव्या चालीला काळ्याचा उंट ए५ ऐवजी ई७ वर मागे गेला, तर १९९५ मध्ये रीगाला कास्पारोव्हने आनंदविरुद्ध खेळलेला डाव तुम्ही पुढे ठेवलात. डी४ घोडा ए५ नंतर उंट ई२ ही शांत चाल, ई×डी४ ला वजीर×डी४ आणि जी७ वर दाब. घोडा एफ६ ला ई५. काळ्याचा ए५ वरचा घोडा कडेला अडकलेला, त्याला पुन्हा सी६ वर यावं लागलं. पंचविसाव्या चालीला डाव संपला. उंट ई२ मध्ये धडाका काहीच नाही, तरी आक्रमण तिथूनच उभं राहतं. हे असं दाखवणारा शिक्षक मिळणं फार मोठी गोष्ट आहे, सर.

आपले,
क्लबातले सर्व खेळाडू