जामीन मंजूर, तरी मुक्काम तुरुंगातच

महोदय,

तुरुंगांतील गर्दीचा विषय निघाला की नव्या बराकींची मागणी होते. २०२२ अखेर देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. त्यांतल्या काहींना न्यायालयाने सोडलेलेही असते, फक्त पैशांअभावी ते आतच राहतात.

मी फौजदारी न्यायालयात लिपिक होतो. ऊसतोडीला आलेल्या एका मजुराचा पंधरा हजारांच्या जामिनाचा आदेश माझ्याच टेबलावरून गेला. त्याचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात, नावावर सातबारा नाही. ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार तो कुठून आणणार? चार महिन्यांनी पुढच्या तारखेला पोलिसांनी त्यालाच तुरुंगातून हजर केले. आदेश फायलीत तसाच होता. मी चौकशी केली नव्हती, याची बोच अजून आहे.

अशांसाठीच केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली. वर्षाला २० कोटींपर्यंत तरतूद झाली. जामिनासाठी ४० हजार आणि शिक्षा झालेल्यांच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालील गुन्हे वगळले. जामिनाची रक्कम मुदत ठेव म्हणून न्यायालयात राहते आणि खटला संपल्यावर सरकारकडे परत येऊ शकते. तरीही बहुतेक राज्यांत हा पैसा पडूनच राहिला आणि गृह मंत्रालयाला राज्यांना स्मरणपत्रे धाडावी लागली.

कारण कागदाच्या प्रवासात आहे. आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृहाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे, सचिवांनी ऐपतीची चौकशी करायची, मग जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या समितीने मंजुरी द्यायची. पहिले पत्रच निघाले नाही तर पुढच्या कोणालाच त्या माणसाचा पत्ता लागत नाही. शिवाय आदेशात रोख रकमेऐवजी जामीनदारच मागितला असेल, तर निधी असूनही उपयोग नाही. तिथे वकिलाने रोख जामिनासाठी किंवा जातमुचलक्यासाठी, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर सुटण्यासाठी, अर्ज करायला हवा. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा स्वतःहून विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. जामिनाची तारीख कारागृहाच्या संगणक प्रणालीत नोंदवण्याचा आदेशही त्याच वेळचा. म्हणजे नावे शोधायला वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही.

माझी मागणी एवढीच आहे: जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी प्रत्येक कारागृहाने दर आठवड्याला प्राधिकरणाच्या सचिवांकडे पाठवावी. किती नावे आली, किती मंजूर झाली आणि किती माणसे प्रत्यक्ष घरी गेली, हे आकडे प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. आपल्या वार्ताहरांनीही ते मागावेत, ही विनंती.

– एक निवृत्त न्यायालयीन लिपिक, सातारा