त्या सेक्शनमधली बाकीची पोरं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी यशवंत घाडगेंची गोष्ट सांगितली म्हणून फोनवर केवढा खुश होतास, बाबा ते तर आपल्या माणगावचे! हो रे, पळसगावचे. तहसील कचेरीपाशी पुतळा आहे ना, तेच.

10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध. इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं, 3/5 मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. घाडगे नाईक होते, म्हणजे सेक्शनचे म्होरके, ते सेक्शन घेऊन पुढे निघाले आणि अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, सेक्शनमधला एकूण एक जण पडला, कोणी जागीच गेला कोणी जखमी, उभे राहिले एकटे घाडगे. सरळ त्या गनवर धावले, ग्रेनेड टाकून गन आणि गनवाला दोन्ही संपवले, आणखी एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत, त्याच जिंकलेल्या मोर्च्यात जीव गेला. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं, पण मरणोत्तर.

हे सगळेच सांगतात आणि सांगायलाच पाहिजे. पण मी अडकतो ते त्याच्या आधी, ती पोरं पडली तिथे. सेक्शन म्हणजे किती, दहाएक माणसं, एकत्र जेवणारी, एकमेकांच्या घरची पत्रं ऐकणारी, आणि त्यांची जबाबदारी होती 22 वर्षांच्या पोरावर. 22 रे! आपल्याकडे तेव्हा लावणी चालू असणार, घरचे चिखलात वाकलेले, आणि हा तिकडे परक्या डोंगरात आपली माणसं पडताना बघतोय. तो रागाने धावला की आणखी कोणी मरू नये म्हणून धावला, मला वाटतं दोन्ही. त्याच्या सेक्शनमधल्या पोरांची नावं मात्र कुठल्या भाषणात येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कोणी म्हणतात गोऱ्यांसाठी लढले, त्यात काय एवढं. तुला कोणी असं म्हणालं तर भांडू नकोस पण मान्यही करू नकोस. कोकणातल्या पोरापुढे तेव्हा मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, आणि समोर हिटलरची फौज होती, ती काय आपली सोयरी होती? इटलीत आपले 5,782 जवान गेले. घाडगेंची वेगळी समाधी नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय. 2023 मध्ये मोंटोने गावात त्यांच्या नावाने सावलीचं घड्याळही उभारलं, इटलीच्या लोकांनी आठवण ठेवली हे बघून बरं वाटलं. आणि त्यांची ती बटालियन आज पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे, 1971 च्या बांगलादेश युद्धात टांगाईलला पॅराशूटने उतरली ती हीच.

तू पराक्रम कर नको कर, ते वेळ ठरवेल, मी बाप आहे, तू जिवंत परत यावास एवढंच मला हवंय आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण आत्ता तुझ्या हातात एक गोष्ट आहे, शेजारच्या खाटेवरचा पोरगा मागे पडत असेल, पळताना धापा टाकत असेल तर त्याला सोडून पुढे जाऊ नकोस. घाडगे नाईक झाले ते दहा जणांना घेऊन चालता येत होतं म्हणून, असं मी धरून चाललोय.

ट्रेनिंग संपताना तुम्ही शपथ घेता त्या कसम परेडला आम्ही दोघं बेळगावला येतोय, आईने लाडूंची तयारी काढलीय. तेवढी तुझ्या सेक्शनमधल्या सगळ्या पोरांची नावं नि गावं लिहून पाठव, कोण कुठला ते, म्हणजे डबे त्या हिशोबाने भरता येतील.

तुझे,
बाबा