प्रयोग संपल्यावर काय?

महोदय,

कान्झी हा बोनोबो (चिंपांझीच्या जवळच्या नात्यातला वानर) मार्च 2025 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात वयाच्या 44 व्या वर्षी गेला. चिन्हांच्या फलकावर बोट ठेवून तो माणसांशी संवाद साधत असे. गंमत म्हणजे या चिन्हांची शिकवणी चालली होती त्याला सांभाळणाऱ्या माताता या बोनोबो मादीची. तिला फारसे जमले नाही, पण तिच्या अंगाखांद्यावर खेळणारे पोर बघता बघता शिकून गेले! पुढे संशोधिका स्यू सॅव्हेज-रम्बॉ यांनी 660 इंग्रजी वाक्ये ऐकवून त्याची चाचणी घेतली. सुमारे 72 टक्के वेळा त्याने सांगितले तसे केले. ही भाषा की नुसतीच हुशारी, यावर पंडितांनी खुशाल भांडावे.

मला खटकते ते वेगळेच. माताता काँगोच्या जंगलातून पकडून आणलेली. कान्झीचा जन्मच बंदिवासातला. माणसांत वाढलेल्या अशा वानराला जंगलात सोडता येत नाही. अनुदान काही वर्षांत संपते, प्राणी मात्र चाळीस वर्षे जगतो. असा प्रयोग मंजूर करतानाच त्या जिवाच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च बाजूला काढून ठेवण्याची सक्ती हवी.

– एक वाचक, सातारा