माळशेजच्या रस्त्याला ‘निसर्गरम्य मार्गा’चा कायदेशीर दर्जा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाटात जाणाऱ्या रस्त्यावरचे खड्डे आणि पावसाळ्यातल्या दरडी यांविषयी वृत्तपत्रांत वेळोवेळी लिहून येते व ते योग्यच आहे. मात्र त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे दिसते ते जपण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो आता विचारण्याची वेळ आली आहे.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो असताना तेथील राज्य महामार्ग 190 वरून डेथ व्हॅलीत जाण्याचा योग आला. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी असलेल्या ओलांचा गावापासून हा रस्ता पूर्वेला निघतो, पॅनामिंट खोऱ्यात उतरतो, पुन्हा सुमारे 1,500 मीटर उंचीची टाउन्स खिंड चढतो आणि तेथून थेट समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या वाळवंटात जातो. डेथ व्हॅलीतलाच बॅडवॉटरचा मिठाचा खळगा समुद्रसपाटीपासून 86 मीटर खाली आहे, तर फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झालेली आहे. पॅसिफिकवरून येणारे बाष्प डोंगरांच्या पश्चिम उतारावरच रिते होते, म्हणून पलीकडे वाळवंट. माळशेजचा घाट चढून आळेफाट्याच्या पुढे अहिल्यानगरकडे जाताना हिरवाई ओसरत जाते, त्यामागचे कारणही हेच पर्जन्यछायेचे आहे. आपल्याकडे त्याची तीव्रता तेवढी नाही, इतकेच.

त्या रस्त्यावर मला सर्वाधिक जाणवली ती जाहिरातफलकांची अनुपस्थिती. कॅलिफोर्नियाने 1963 साली कायदा करून निसर्गरम्य राज्य महामार्गांची योजना सुरू केली. दर्जा मिळालेल्या रस्त्यावर पॉपीच्या फुलाचे चिन्ह असलेली पाटी लागते. पण ती पाटी फुकट मिळत नाही. रस्त्याकडेच्या जमिनीचा वापर, बांधकामांचे स्वरूप, डोंगर पोखरणे आणि जाहिरातफलक यांवर नियंत्रण ठेवण्याचा आराखडा स्थानिक संस्थेला आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि तो पाळला गेला नाही, तर दर्जा काढूनही घेता येतो. मला या योजनेतली हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट शिस्तीची. ओव्हरटेक करणे धोक्याचे असलेल्या दुपदरी रस्त्यावर हळू चालणाऱ्या वाहनामागे पाच किंवा अधिक वाहनांची रांग लागली, तर त्याने पुढच्या थांब्यावर बाजूला होऊन वाट दिलीच पाहिजे, असा तेथे नियम आहे. खिंडीच्या चढावर एक अवजड ट्रक असा बाजूला झालेला मी पाहिला; मागची वाहने कोणी हॉर्न न वाजवता पुढे निघून गेली. असे थांबे ठरावीक अंतरावर मुळातच बांधलेले असतात, म्हणून दृश्य पाहण्यासाठी कोणी वळणावर गाडी उभी करत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दाट धुक्यात, ऐन वळणावर, धबधब्यापाशी गाड्यांची दुहेरी रांग लागते. मनाई आदेश काढून हे थांबत नाही, कारण थांबायला दुसरी जागाच दिलेली नाही.

माळशेजचा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग 61 चा भाग असल्याने त्याच्या डांबराचा विषय केंद्राकडे जातो, हे मान्य. परंतु कडेच्या जमिनीवरील बांधकामे आणि फलक यांचा निर्णय राज्य शासन व स्थानिक संस्था घेऊ शकतात. सध्या मुरबाड सोडल्यावर फार्महाऊसच्या प्लॉटांचे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक सह्याद्रीची कडा झाकून टाकतात. मे महिन्यात पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या ठाकर-कातकरी बायांना मात्र हटवले जाऊ नये. उलट थांब्यांवर त्यांना सावलीची हक्काची जागा द्यावी, कारण त्या रस्त्यावर पहिला अधिकार त्यांचा आहे.

राज्य शासनाने निसर्गरम्य मार्गांसाठी स्वतंत्र कायदा करावा आणि ठाणे जिल्ह्यात त्याची सुरुवात माळशेजपासून करावी. तोपर्यंत किमान वैशाखरे ते घाटमाथा या टप्प्यात एकाही नव्या फलकाला परवानगी देऊ नये आणि वाहने सुरक्षित थांबतील अशा जागा येत्या पावसाळ्यापूर्वी आखून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नौपाडा, ठाणे