शनिवारच्या बैठकीआधी एवढं करा

शनिवारी संध्याकाळी ५ वाजता आपली बैठक आहे. येण्याआधी नोमोफोबियाची, म्हणजे फोन जवळ नसण्याच्या किंवा वापरता न येण्याच्या भीतीची, २० प्रश्नांची प्रश्नावली भरा. २०१५ सालची आहे. प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण, म्हणजे बेरीज २० ते १४० मध्ये येते. गुण कुणाला दाखवायचे नाहीत, आणि हे आजाराचं निदानही नव्हे. बॅटरी संपत आली, रेंज गेली की जीव कासावीस होतो का, एवढंच बघायचंय. फोनमुळे चिंता वाढते की चिंतेमुळे हात फोनकडे जातो, यावर बोलू. मला तर दोन्ही खरं वाटतं. परीक्षेच्या धास्तीने झोपच उडाली असेल, तर मात्र शनिवारची वाट पाहू नका, विद्यापीठातल्या समुपदेशकांना आधी भेटा.

बैठकीत फोन सायलेंटवर, बॅगेत. (हो, माझाही.)