आई-बाबा, वकिली सोडतेय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई लगेच रडली असती आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिलाय. सप्टेंबरपासून स्टेज डिझाइनचा कोर्स. लोन फिटल्यावरच दिला हो, फी भरलीय, व्हिसाचंही झालंय, पैसे पुरतात, मी दोनदा हिशोब केलाय.

बाबा, इथे इंग्लंडमध्ये जॉन पायपर म्हणून चित्रकार होता. वडील सॉलिसिटर, मुलाने आपल्याच फर्ममध्ये यावं ही इच्छा. त्यानेही काही वर्षं ऑफिसात काढली. 1927 ला वडील गेले, मग हा आर्ट स्कूलला. पुढे चित्रं, पुस्तकं, संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या ऑपेरांचे सेट, सगळं केलं. 1940 ला महायुद्धात इथल्या कॉव्हेंट्री शहरावर बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या सकाळी तिथे हजर, लोक ढिगारे उपसतायत आणि आपण चित्र काय काढायचं म्हणून अवघडला, शेवटी एका सॉलिसिटरच्याच ऑफिसच्या खिडकीतून जळकं कॅथीड्रल काढलं! 1962 ला शेजारी नवीन कॅथीड्रल झालं, त्यातली 195 तावदानांची रंगीत खिडकी त्याच्या डिझाइनची. मी सकाळी जाऊन बघितली. मधोमध पांढरा-पिवळा उजेड फुटलेला, कडेने लाल, निळा, आणि खाली बेथलेहेमहून आणलेला ओबडधोबड दगड. हलवेना तिथून.

त्याच्या वडिलांनी यातलं काहीच पाहिलं नाही हो. मला हे तुमच्या डोळ्यांदेखत करायचंय. तुम्हाला काही होईल असं म्हणत नाहीये बाबा, तसं मनातही आणू नका. तुमचं ऑफिस मला कधीच नकोसं नव्हतं. तुमच्याच लेजर पेपरच्या मागे मी मखराची चित्रं काढायचे, आणि लाइट गेले त्या वर्षी तुम्ही रात्रभर टॉर्च धरून उभे होतात, आठवतंय ना? सनद कुठे जात नाही, आहेच.

आई, रूम तीच आहे, हीटर छान चालतो, ज्वारीचं पीठ कोपऱ्यावर मिळतं, मी नीट जेवते.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी रोज म्हणजे रोज, कोर्टातून आल्यावर नाही, सकाळीच. आई, त्यांच्या ताटात लोणचं वाढू नकोस आणि गुडघा याच आठवड्यात दाखव, दिवाळीनंतर बघू चालणार नाही. दोघांचे पासपोर्ट रिन्यू करा. कोर्सच्या शेवटी आमच्या कामाचं प्रदर्शन असतं, तेव्हा उन्हाळा असेल, आईला थंडी नाही वाजणार.

बाबा, राग आला असला तरी रविवारी फोन तुम्हीच उचला.

तुमची,
चिऊ